एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) असलेल्या मुलांना शिकवायचा वीकेंड कोर्स केला, मराठी माध्यमाच्या शिक्षकांसाठी सविस्तर रिव्ह्यू

आधी कामाचं सांगते. फी साडेसहा हजार, पुण्यात, शनिवार-रविवार प्रत्यक्ष आणि मधल्या दिवसांत संध्याकाळी झूमवर, आणि पहिली ते पाचवीला मराठीतून शिकवणाऱ्या प्रत्येकाने करावा असा कोर्स आहे. हायस्कूलवाल्यांनी दोनदा विचार करा. ज्या पालकांना फक्त मुलाचं एलडीचं सर्टिफिकेट कुठून नि कसं काढायचं एवढंच हवंय त्यांनी तर अजिबात पैसे घालू नका, ते का ते पुढे लिहिते. संस्थेचं नाव टाकत नाहीये कारण दोघी जणी मिळून चालवतात, बॅच ओळखीओळखीतूनच भरते आणि जाहिरात करू नका असं त्यांनीच सांगितलंय, शिवाय मला ज्या गोष्टी खटकल्या त्याही मोकळेपणाने लिहायच्यात. तसेही असले कोर्स आता सगळीकडेच निघालेत, त्यामुळे कुठलाही घेताना काय बघायचं हे कळलं तरी पुष्कळ.

मी नाशिकजवळ एका अनुदानित शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. वर्गात चाळीसच्या वर मुलं, त्यातली तीन-चार अशी की तोंडी विचारलं तर फाडफाड उत्तर देतात, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतात, आणि पुस्तक समोर ठेवलं की घाम फुटतो. आमच्याकडे यावर दोनच शब्द चालतात, "लक्ष नाही" आणि "कच्चा आहे". बीएडला एक चॅप्टर होता, त्यात डिस्लेक्सिया (वाचनाची अडचण), डिस्ग्राफिया (लिहिण्याची), डिस्कॅल्क्युलिया (गणिताची) यांच्या व्याख्या, पाठ करा आणि पेपरात लिहा. वर्गात सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं हे त्यात नव्हतं, म्हणून हा कोर्स शोधला.

पहिल्याच सेशनला त्या दोघींपैकी एका मॅडमनी काय केलं ते सांगते, कारण तिथेच मला हा कोर्स आवडला. व्याख्या नाही, पीपीटी नाही. प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला, त्यावर मोडी लिपीतला सात-आठ ओळींचा उतारा आणि बाजूला अक्षरांची छोटी किल्ली. भाषा मराठीच, अगदी साधी, बाजारात गेलो भाजी आणली टाइपची. पण लिपी मोडी, जुन्या खरेदीखतांत असते ती. म्हणाल्या पाच मिनिटांत वाचा, मग प्रश्न विचारणार. आम्ही सगळे वीस-वीस वर्षं शिकवणारे लोक, एकेक अक्षर किल्लीत शोधतोय, शब्द जुळवतोय, दुसरा शब्द जुळेपर्यंत पहिला डोक्यातून गेलेला. त्यात मॅडम मुद्दाम मागून फिरत "चला पटापट, बाकीच्यांचं झालं बरं का" असं म्हणत होत्या. एका सरांनी तर कागद पालथा घातला आणि पाणी प्यायला बाहेर गेले. मॅडम तेव्हा काही बोलल्या नाहीत, नंतर फक्त विचारलं, तुमच्या वर्गात वाचनाच्या तासाला पाणी प्यायला, शू करायला कोण सगळ्यात जास्त जातं? सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकेक चेहरा आला, माझ्यासुद्धा. मग तोच उतारा त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि तेच प्रश्न विचारले, सगळ्यांना सगळं आलं. एलडीमध्ये बुद्धी शाबूत असते आणि अडकतं ते छापलेलं अक्षर आणि आवाज जोडण्याच्या कामात, हे सांगायला याहून चांगली पद्धत मी बघितली नाही.

आता कोर्सचा जो खरा गाभा आहे त्यावर येते आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

एलडीवरचं तुम्ही जे काही ऑनलाइन बघाल, व्हिडिओ असो, वर्कशीट असो, सगळं इंग्रजीवरून आलेलं असतं. बी आणि डी उलटसुलट होतात, तीन अक्षरी शब्द, न उच्चारलेला ई वगैरे. ऑर्टन-गिलिंगहॅम ही जी सगळ्यात नावाजलेली पद्धत, ती १९३० च्या दशकात अमेरिकेत इंग्रजीसाठीच तयार झाली. तिचं तत्त्व अगदी बरोबर आहे, म्हणजे डोळा-कान-हात तिन्ही एकदम वापरा, एका वेळी एकच गोष्ट शिकवा, नियम उघड करून सांगा, परत परत घ्या. पण देवनागरीत मुलाचा पाय अडकतो तो वेगळ्याच दगडाला. आणि या दोघींनी तो दगड नीट शोधलाय.

उदाहरणार्थ वेलांटी. "किती" म्हणताना तोंडातून आधी क बाहेर पडतो मग इ, पण कागदावर डोळ्याला आधी ऱ्हस्व वेलांटी दिसते आणि मग क. ज्या मुलाला मुळातच आवाज आणि खूण जोडायला कष्ट पडतात त्याच्यासाठी हे केवढं मोठं आहे बघा. काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली, पहिली वेलांटी डावीकडे, म्हणजे इंग्रजीसारखं डावीकडून उजवीकडे सरळ जायचं नाहीच, प्रत्येक अक्षराच्या चारी बाजूंना बघावं लागतं. त्यांची पद्धत अशी की मुलाने आधी क लिहायचा, तोंडाने क् म्हणायचं, मग डावीकडे येऊन वेलांटी काढत इ म्हणायचं, बोट, तोंड आणि कान एकाच वेळी. आमच्या बॅचमधल्या एका अक्षरलेखनवाल्या सरांना हे पटलं नाही, ते म्हणाले मग हात मागे-पुढे होतो, वेग कमी होतो. मॅडमचं म्हणणं, वेग नंतर बघू, आधी ते अक्षर त्याचं होऊ दे. मला मॅडमचं पटलं आणि वर्गात मी तसंच करून घेते.

मग तो र. मराठीतला र हा एलडीवाल्या मुलांचा पक्का शत्रू आहे. सूर्यमध्ये तो डोक्यावर जातो, चक्रमध्ये पायाशी तिरका, ट्रकमध्ये पायाखाली टोपी घालून, दऱ्यामध्ये अर्धाच, आणि कृपामध्ये तर र नाहीच, ऋ आहे, पण कानाला र च लागतो. त्यात रफाराची गंमत अशी की तो उच्चारात आधी आणि लिहिण्यात पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे केलेत. सू एक तुकडा, र् लाल रंगात, य एक तुकडा. मुलगा आधी तिन्ही ओळीत मांडतो, बोट ठेवत म्हणतो सू, र्, य. मग लाल तुकडा स्वतःच्या हाताने उचलून य च्या डोक्यावर ठेवतो आणि परत म्हणतो. माझ्या चौथीतला एक मुलगा गेल्या वर्षापासून "सुय्र" लिहायचा, त्याला लाल पेनने दहा वेळा "सूर्य" लिहून दिलं गेलं होतं आधीच्या वर्गात, काही फरक नाही. तो तुकडा त्याने स्वतः उचलून वर ठेवला तेव्हा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे हा आधी बोलायचा पण वर बसवायचा?" हो रे बाबा. मग त्याने स्वतःहून सर्प, अर्ज, गर्दी मांडले. आता वहीत रफार बहुतेक वेळा बरोबर येतो, घाईत चुकतो अजून, पण विचारलं तर स्वतः दुरुस्त करतो.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचंही तसंच, भ-म, घ-ध, थ-य, ब-व, प-ष. आपल्याला सवय की जोडी लावून शिकवायचं, "बघा घ आणि ध मध्ये फरक काय". त्या म्हणतात एलडी असलेल्या मुलाला जोडी एकत्र देऊच नका, एक पक्कं होऊ दे, मध्ये दुसरी अक्षरं जाऊ देत, मग दुसरं आणा. साधी गोष्ट आहे पण मी वर्गात करून बघितली, गोंधळ खरंच कमी होतो.

अजून एक, जे मला एवढी वर्षं मराठी शिकवूनही कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं. "आठवण" आपण वाचतो आठ्-वण्, "बदलला" वाचतो बदल्-ला. लिहिताना सगळी अक्षरं पूर्ण, बोलताना मधला अ गायब. बहुतेक मुलं हे आपोआप उचलतात, एलडीवालं मूल मात्र आ-ठ-व-ण असं सुटं सुटं वाचतं आणि मग शब्द कानाला ओळखीचाच वाटत नाही, म्हणून अर्थही लागत नाही. च आणि ज चंही तेच, चहातला च वेगळा चमच्यातला वेगळा, जीभ वेगळी जाड वेगळं, खूण मात्र एकच. हे सगळं मुलाला उघडपणे सांगायचं, शब्द तोडून टाळी वाजवत म्हणून घ्यायचं, म्हणजे मग त्याला "मला येत नाही" असं न वाटता "इथे असा नियम आहे" असं वाटतं.

ऱ्हस्व-दीर्घाचंही सेशन होतं आणि ते मस्त झालं. शब्दाच्या शेवटचा इ-उ मराठी शब्दात दीर्घ, खीर-फूल-गरीब मध्ये शेवटच्या आधीचा दीर्घ, पण खिरीत-फुलाला-गरिबाला झालं की तो ऱ्हस्व. आपण शिक्षक हे व्याकरण म्हणून आठवी-नववीला शिकवतो आणि तिसरीतल्या मुलाचे मार्क मात्र आधीच कापतो. त्यांनी रंगीत ठोकळ्यांवर करून दाखवलं, लांब ठोकळा दीर्घ, छोटा ऱ्हस्व, शेपटी लागली की लांब ठोकळा काढून छोटा ठेवायचा. आणि सरळ सांगितलं की एलडी असलेल्या मुलाच्या विज्ञानाच्या, परिसर अभ्यासाच्या पेपरात शुद्धलेखनाचा एकही मार्क कापू नका, तिथे तुम्ही विज्ञान तपासताय.

मुलांच्या वाचनावर संशोधन करणाऱ्या सोनाली नाग यांनी कन्नडवर केलेल्या कामाचा उल्लेख झाला, की आपल्यासारख्या लिप्यांत अक्षरं-जोडाक्षरं मिळून शेकड्यांनी आहेत आणि ती पक्की व्हायला साध्या मुलांनाही चौथी-पाचवीपर्यंत वेळ लागतो. म्हणजे दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर येत नाही म्हणून लगेच एलडीचा शिक्का मारायचा नाही, आणि उलट पाचवीत गेल्यावरही "येईल हळूहळू" म्हणून सोडून द्यायचं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटलं कारण आमच्याकडे दोन्ही टोकं बघायला मिळतात.

वह्यांचं सेशन. आम्हाला आधीच सांगितलं होतं की मुलांच्या वहीच्या पानांचे फोटो आणा, नावं झाकून. मग दुपारभर नुसत्या चुका वाचल्या. बरोबर की चूक हा प्रश्नच नाही, चूक कुठल्या जातीची ते बघायचं, काना-मात्रा गाळली का ("शळा"), जागा चुकली का, दिसायला सारखं अक्षर आलं का, का ऐकायला सारखं आलं (ट-ठ, द-ध). एकाच मुलाच्या तीन पानांवर चुका अशा वेगळ्या काढल्या की कळतं, याला सगळं येत नाही असं नाहीये, याचं फक्त महाप्राण (ठ, ध सारखे ह मिसळलेले आवाज) ऐकण्यात अडतंय, तेवढंच आठवडाभर घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात वेळ कुठून आणायचा हा आमचा सगळ्यांचा प्रश्न होता. त्यावर त्यांचं उत्तर असं की रोज परिपाठाआधी दहा-पंधरा मिनिटं, एकाच अडचणीची दोन-तीन मुलं एकत्र, एका वेळी एकच गोष्ट. मला जमतंय, रोज नाही जमत, पण आठवड्यातले बरेच दिवस जमतं.

इथे माझी पहिली तक्रार. आमच्या भागात बागलाण, मालेगावकडची अहिराणी बोलणारी मुलं असतात, पेठ-सुरगाण्याकडची कोकणा, वारली घरांतली असतात. घरी "पानी" म्हणणारं पोर वहीत "पानी" लिहिणारच, ते त्याच्या घरच्या बोलीचं आहे, त्याचा एलडीशी काडीचा संबंध नाही. हे मी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या "हो, ते वेगळं काढायचं" आणि पुढे गेल्या. असं दोन वाक्यांत पुढे जाण्यासारखं नाही हो हे! ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या शिक्षकाला रोज हाच प्रश्न पडतो, बोलीमुळे की एलडीमुळे? एक अंदाज मी स्वतः वापरते तो लिहून ठेवते: बोलीची चूक ठरलेली असते, नेहमी त्याच जागी, आणि ते मूल जे बोलतं तेच लिहितं. एलडीची चूक एकाच पानावर तीन तऱ्हेने येते, वर बरोबर, मध्ये एक प्रकारे चूक, खाली दुसऱ्याच प्रकारे. हे काही निदान नाही, पण कुणाकडे जरा जास्त लक्ष द्यायचं ते कळतं. पुण्यात बसून कोर्स आखताना पुण्याबाहेरची पोरं डोळ्यासमोर हवीत.

गणिताचं एकच सेशन, पण छान. सत्तेचाळीस म्हणताना आधी सात येतो मग चाळीस, लिहायचं मात्र ४७. मग पोरं ७४ लिहितात आणि आपण त्यांना हळू म्हणतो. एकोणतीस तर त्याहून कठीण, कानाला तीस ऐकू येतो आणि लिहायचे २९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण, गणिताच्या पुस्तकाच्या समितीवरच्या मंगला नारळीकर बाईंना किती बोलले लोक. मला तेव्हाही त्यांचं म्हणणं पटलं होतं आणि या सेशननंतर तर पक्कंच पटलं, निदान डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलासाठी तरी "चाळीस सात" ही पायरी फार मोलाची आहे. त्यावरून मग काड्यांचे गठ्ठे, चार गठ्ठे आणि सात सुट्या, आणि शेवटी "याला सत्तेचाळीस म्हणतात". जुना शब्द काढून टाका असं कुणीच म्हणत नाहीये, वर चढायला मधली पायरी द्या एवढंच.

आता ज्या गोष्टींनी डोकं फिरलं त्या.

एका शनिवारी पाहुण्या वक्त्या आल्या आणि त्यांनी रंगीत पारदर्शक कागद विकायला आणले, पानावर निळा-पिवळा कागद ठेवला की अक्षरं "नाचायची थांबतात" म्हणून. सेटची किंमत पंधराशे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलंय की रंगीत भिंगं-फिल्टर किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला आधार नाही, कारण अडचण डोळ्यात नाहीच. जो कोर्स पहिल्या दिवशी इतकं छान समजावतो की प्रश्न अक्षर आणि आवाज जोडण्याचा आहे, त्यानेच पुढे हे विकायला परवानगी द्यावी याचं मला खरोखर वाईट वाटलं. शिक्षक घेतात हो, स्वतःच्या पगारातून घेतात आणि खेड्यातल्या आईबापाला सांगतात घ्या म्हणून. मी फीडबॅक फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं, मॅडमचा फोन आला, ऐकून घेतलं, पुढच्या बॅचला विक्री होणार नाही म्हणाल्या.

दुसरं, "तुमचं मूल व्हिज्युअल लर्नर की ऑडिटरी", म्हणजे बघून शिकणारं की ऐकून, असा फॉर्म भरून घेतला. मुलांना असं कप्प्यात टाकून त्या कप्प्याप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, हे संशोधनात टिकलेलं नाही. तिन्ही वाटांनी एकदम शिकवा असं एकीकडे सांगायचं आणि दुसरीकडे हा फॉर्म, हे जुळत नाही.

फाँटबद्दल मात्र चांगलं सांगितलं. डिस्लेक्सियासाठी खास बनवलेले जे इंग्रजी फाँट आहेत त्यांनी वाचन सुधारतं असं अभ्यासांत काही ठोस दिसलेलं नाही, पण अक्षरांमधली आणि ओळींमधली जागा वाढवली तर बऱ्याच मुलांना मदत होते. मी आता वर्कशीट 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या मुक्ता फाँटमध्ये काढते, फुकट आहे, साइज मोठा, ओळींत भरपूर अंतर, एका पानावर कमी मजकूर. मोठा मजकूर असेल तर एज ब्राउझरमध्ये मराठी आवाजात वाचून दाखवायची सोय आहे, ती मोबाइलवर लावून देते. एलडी असलेलं मूल ते आनंदाने ऐकतं आणि मग वर्गातल्या चर्चेत बोलतं.

सर्टिफिकेट आणि तपासणीचं सेशन सगळ्यात कमजोर. पालक मंडळी खास त्यासाठी आलेली आणि त्यांना जेमतेम तासभर मिळाला, त्यातही झूम दोनदा तुटलं. जे हातात पडलं ते असं: १९९५ च्या अपंग कायद्यात एलडी नव्हतंच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले त्यात ते आलं. महाराष्ट्राने मात्र १९९६ पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती. निदानासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी वापरतात. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे सर्टिफिकेट वयाच्या आठ वर्षांनंतर मिळायचं, मग १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. या सूचना २०२४ मध्ये सुधारल्यात आणि कोर्सच्या झेरॉक्समध्ये जुनंच होतं, म्हणून जिल्हा रुग्णालयात किंवा यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर ताजं विचारूनच पुढे जा. सवलतींमध्ये जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर असं असतं, सीबीएसईला तासाला २० मिनिटं जादा मिळतात. राज्य मंडळाचं शाळेच्या ऑफिसमध्ये विचारा, आणि दहावीला फॉर्म भरताना नाही, नववीतच विचारा.

मराठीत चाळणी, म्हणजे निदानाआधीची प्राथमिक तपासणी करायला मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली डाली नावाची साधनं आहेत, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, एक पहिली-दुसरीसाठी आणि एक तिसरी ते पाचवीसाठी. याची ओळख नीट करून दिली, एवढं त्या सेशनमधलं चांगलं. इंग्रजी चाचणी मराठी माध्यमाच्या पोराला दिली तर तो नापासच होणार, त्यातून काय कळणार? हे त्या ठासून बोलल्या आणि मला ते फार बरं वाटलं.

निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानातल्या शब्द-प्रति-मिनिट चाचणीवर मोठी चर्चा झाली. तिसरीला मिनिटाला ६० शब्द हे लक्ष्य आहे आणि सगळ्यांसमोर स्टॉपवॉच लावून वाचायला लावतात. आमच्यातल्या जिल्हा परिषदेच्या बाईंनी विचारलं, आकडे तर भरावेच लागतात, मग काय करू? उत्तर आवडलं: चाचणी घ्या, पण एकट्याची, बाजूला बसवून, आणि त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी. सोबत तोच उतारा वाचून दाखवून प्रश्न विचारा आणि त्याचीही नोंद ठेवा, म्हणजे त्याला समजतं किती हे कागदावर येतं. मी ही दुसरी नोंद ठेवायला लागले आणि पालकसभेत एका आईला दाखवली. ती शेतमजुरी करते, आजवर प्रत्येक सभेत मान खाली घालून बसायची. वाचन २२ शब्द, ऐकून समजणं दहापैकी नऊ. तिने तो कागद दोनदा बघितला आणि म्हणाली, "मॅडम, म्हणजे पोरगं हुशार हाये ना माझं." मी म्हटलं ताई, हुशारच आहे, वाचायची वाट तेवढी आपण मिळून करू.

हायस्कूलसाठी काय? जवळजवळ काहीच नाही. आठवी-नववीच्या मुलाला पुठ्ठ्याचे तुकडे देऊन चालत नाही, त्याची लाज, त्याचा राग, वर्गातली चिडवाचिडवी, भलेमोठे इतिहासाचे धडे, हे प्रश्न वेगळे आहेत. एका हायस्कूलच्या सरांनी दुसऱ्याच आठवड्यात यायचं बंद केलं, त्यांची काही चूक नाही. फी परत मागितली ती अर्धी मिळाली असं कळलं.

अजून एक गोष्ट फी भरण्याआधी माहीत हवी. कोर्सनंतर शिक्षकाला मिळणारं सर्टिफिकेट आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं नाही. हा कोर्स करून तुम्ही स्पेशल एज्युकेटर होत नाही, बोर्ड लावून रेमेडियल क्लास सुरू करता येत नाही, निदान तर अजिबात करायचं नाही. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं, पण ते फॉर्मवरच छापायला हवं, कारण आमच्या बॅचमध्ये दोघी तरी क्लास काढायच्या हिशोबाने आल्या होत्या. तुमच्या शाळेत असं मूल असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष तज्ज्ञ असतात, त्यांना आधी गाठा.

सोयींचं थोडक्यात. जागा छोटी, खुर्च्या टेकून बसता न येणाऱ्या, पण जेवण घरचं, पिठलं-भाकरी होती एकदा, झकास. नोट्स अर्ध्या इंग्रजीत, हे मराठी माध्यमाच्या कोर्सला शोभत नाही. किट फीमध्येच मिळतं: खरखरीत कागदाची मूळाक्षरं, र चे तुकडे, ऱ्हस्व-दीर्घाचे ठोकळे आणि एक ओळ दिसेल एवढी खिडकी कापलेली वाचनपट्टी. मात्रांचा सेट त्यात नाही, तो मी हार्डवेअरच्या दुकानातून सँडपेपर आणून घरी कापला, फार खर्च येत नाही. बाहेरगावहून येणाऱ्यांनी राहायची सोय स्वतः बघायची, नाशिक-पुणे रस्त्याचं काय सांगू, शुक्रवारी रात्रीच निघा.

कोर्स संपल्यावरही व्हॉट्सॲप ग्रुप चालू आहे आणि तो नुसता गुड मॉर्निंगचा नाही. वहीचा फोटो टाकला की एक-दोन दिवसांत मॅडमचं उत्तर येतं, चूक कुठल्या जातीची आणि आधी काय घ्यायचं. साडेसहा हजारातले निम्मे पैसे माझ्या मते याचेच आहेत.

दुसरीकडे कुठे असा कोर्स बघत असाल तर फोनवर तीन गोष्टी विचारा. मराठी वेलांटी आणि रफार कसा शिकवता ते दोन मिनिटांत सांगा म्हणावं, शिकवणाऱ्यांचा आरसीआय नंबर आहे का, आणि मध्ये काही विकायला ठेवणार का. पहिल्या प्रश्नाला "आम्ही इंटरनॅशनल मेथड वापरतो" असं उत्तर आलं तर मराठी माध्यमाच्या शिक्षकाने पैसे भरू नयेत. पुण्याची पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे, प्राथमिकचे कुणी येणार असाल तर मला मेसेज करा, मॅडमना विचारून नंबर देते.